विजेची नळी कापताना

शाळेच्या वायरिंगची पाहणी करताना दिवे लागतात की नाही, एवढेच आपण पाहतो. नळी कशाने कापली, हे कोणी विचारीत नाही. पोलादी नळीचा पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा. तिला इंचास ३२ दातांचे हॅक्सॉचे पातेच हवे. मोठे दात त्यात अडकून तुटतात. चाकाचा पाइपकटर झटपट चालतो खरा, परंतु तो धातू आत दाबून धारदार कंगोरा ठेवतो. वायर ओढताना तिचे आवरण त्यावर सोलले जाते, आणि अर्थिंग सदोष असल्यास नळीलाच विजेचा धक्का बसतो. म्हणून कापल्यावर रीमर किंवा गोल कानस आतून फिरविलीच पाहिजे. पीव्हीसी नळीस कात्रीसारखा कटर पुरे. कडाक्याच्या थंडीत मात्र ती तडकते, तेव्हा बारीक दातांची करवत बरी. काम सुरू होताना वायरमनच्या पिशवीत कानस आहे का, एवढे आपण अवश्य पाहावे.