चैत्रांगणातली आगगाडी

छंद म्हटला की आपल्याला सतार आठवते, नाहीतर तैलरंग. मला आईची शिरगोळ्याच्या रांगोळीची डबी आठवते. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत, गौर झोपाळ्यात असेतो, इंदूरच्या आमच्या अंगणात ती रोज चैत्रांगण काढी. मखरातल्या गौरी, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्म, कासव, नाग, अंबारीचा हत्ती, सगळे ठरलेले. त्यात स्वतःचे असे काय, असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते, कॉलेजात असताना, जरा चढ्या आवाजात.

ती काही बोलली नाही. पुढे मी नोकरीसाठी मुंबईला गेलो. चैत्रात रजेवर आलो, तर हत्तीशेजारी बोटभर लांबीची आगगाडी! डबे तीन, धूर मात्र भरपूर. शेजारच्या काकूंनी विचारले, "हे शास्त्रात कुठे आहे हो?" आई म्हणाली, "मुलगा मुंबईला असतो ना आमचा."

आता आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. दारापुढे दीड फूट फरशी. (रांगोळीचे स्टिकर मिळते. मला आवडत नाही, पण घरोघरी वेळ नसतो हेही खरे.) गेल्या चैत्रात तिथे मीच बसलो. चिमटीतून रेघ बारीक सुटेना, गुडघे बोलू लागले. हत्तीचे डुक्कर झाले. आगगाडी तेवढी जमली. डबे तीनच काढले.