अतिदक्षता विभागातील प्रतिरोधी जीवाणूंचा प्रसार आणि प्रतिबंध

अतिदक्षता विभागात औषधांना दाद न देणारे जीवाणू एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात ते मुख्यतः काम करणाऱ्यांच्या हातांवरून. क्लेबसिएला, असिनेटोबॅक्टर आणि स्यूडोमोनास ही तिथली नेहमीची नावे. रुग्णाच्या श्वासनलिकेत नळी, लघवीला कॅथेटर, मानेच्या शिरेत सेंट्रल लाइन. शरीराची तटबंदी अशी जागोजागी फुटलेली असते. त्यात भारी प्रतिजैविकांमुळे आतड्यातले निरुपद्रवी जीवाणू मरतात आणि त्यांची जागा प्रतिरोधी जीवाणू घेतात.

हा धोका दूरदेशीचा नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात 2009 साली कार्बापेनेमला न जुमानणारे 24 जीवाणू तपासले, तेव्हा त्यांपैकी 22 मध्ये एनडीएम-1 हे जनुक आढळले. ते प्लाझ्मिडवरून एका जातीच्या जीवाणूतून दुसऱ्या जातीत शिरते. मग डॉक्टरांच्या हाती उरते कोलिस्टिनसारखे जुने, मूत्रपिंडाला त्रास देणारे औषध. नव्या औषधाची वाट पाहण्यापेक्षा प्रसार थांबवणे अधिक शहाणपणाचे, कारण तो आजच थांबवता येतो.

पहिला उपाय हातांची स्वच्छता. जागतिक आरोग्य संघटनेने तिच्या पाच वेळा सांगितल्या आहेत: रुग्णाला हात लावण्यापूर्वी, निर्जंतुक कामापूर्वी, रक्त किंवा स्रावाचा संपर्क आल्यावर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि त्याच्या खाटेला किंवा मॉनिटरला हात लागल्यानंतर. शेवटची वेळ अनेकदा चुकते. अल्कोहोलयुक्त हँडरब 20 ते 30 सेकंद चोळणे पुरेसे असते. मात्र बाटली प्रत्येक खाटेशी, हाताच्या अंतरावर हवी. हातमोजे घातले म्हणून ही स्वच्छता टळत नाही. एका सिस्टरकडे चार-पाच गंभीर रुग्ण सोपवून तिच्याकडून या साऱ्या वेळा पाळण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. संसर्ग रोखण्याचा प्रश्न इथे मनुष्यबळाचा होतो, आणि त्याची जबाबदारी प्रशासनाची आहे.

नळ्यांबाबत रोज सकाळी एकच प्रश्न विचारावा: ही आज खरोखर लागते का? अमेरिकेतील मिशिगन राज्यात हा प्रश्न, हातांची स्वच्छता, क्लोरहेक्सिडिनने त्वचा पुसणे अशा मोजक्या गोष्टी नेमाने पाळल्यावर सेंट्रल लाइनचे संसर्ग बरेच घटले. तो अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रतिरोधी जीवाणू सापडलेला रुग्ण वेगळ्या खोलीत ठेवावा. खोली नसेल तर असे रुग्ण एका कोपऱ्यात एकत्र ठेवून त्यांना वेगळी सिस्टर आणि वेगळे स्टेथोस्कोप द्यावेत.

असिनेटोबॅक्टर कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे जगतो. म्हणून बेडरेल, सलाईनचा स्टँड, व्हेंटिलेटरची बटणे रोज पुसली गेली पाहिजेत. फॉर्मेलिनच्या धुरीवर अजूनही भरवसा ठेवला जातो, पण ती या पुसण्याची जागा घेऊ शकत नाही. हे काम करणाऱ्या मावशींना आणि मामांना रीतसर प्रशिक्षण मिळणे कोणत्याही महागड्या यंत्राहून मोलाचे आहे.

पृष्ठभागांच्या या प्रश्नाशी तांब्याचाही संबंध येतो. तांब्याच्या पृष्ठभागावर जीवाणू काही तासांत मरतात, कारण त्याचे आयन जीवाणूंचे आवरण फोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2008 मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून मान्यता दिली. तिथल्या तीन रुग्णालयांत तांबे मढवलेल्या वस्तू असलेल्या खोल्यांमध्ये संसर्ग निम्म्याहून कमी झाल्याचे 2013 मध्ये नोंदवले गेले. तरीही पुरावा अजून पक्का मानता येत नाही, आणि तांब्याचा बेडरेलही पुसावाच लागतो.

मध्य प्रदेशाने 2019 मध्ये प्रतिजैविक-प्रतिरोधाचा राज्य कृती आराखडा जाहीर केला. केरळनंतर असे करणारे ते दुसरे राज्य. पण तिथल्या बालाघाट जिल्ह्यातील बिरसा भागातला गंभीर रुग्ण बालाघाट, गोंदिया, नागपूर असा टप्प्याटप्प्याने जातो आणि जीवाणूही त्याच्याबरोबर राज्याची सीमा ओलांडतो. रेफरच्या चिठ्ठीत मात्र कल्चरचा उल्लेख बहुधा नसतो. म्हणून प्रत्येक डॉक्टरला आवाहन आहे: रुग्ण पुढे पाठवताना कोणती प्रतिजैविके किती दिवस दिली, कोणत्या नळ्या केव्हा घातल्या आणि कल्चरमध्ये काय आले, एवढे त्या चिठ्ठीत अवश्य लिहावे.