थोडक्यात, पण नेमके
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे सारे आयुष्य बाळंतिणींची व बाळांची शुश्रूषा करण्यात गेले. भाषणाची सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना तार आठवत असेल. (ती २०१३ साली बंद झाली.) शब्दागणिक पैसे पडत, म्हणून मुंबईचा चाकरमानी दोन-तीन शब्दांत सारे कळवी. नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षातही हाच हिशेब करावा लागतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्र सेकंदाला शेकडो वेळा टिपते. ते सगळे दूरच्या तज्ज्ञांकडे धाडू म्हटले, तर आपल्याकडची पावसाळ्यातली रेंज कुठून पुरायची! म्हणून एरवी मिनिटामिनिटाचे आकडे तेवढे पाठवावेत. नाडी किंवा प्राणवायू हद्दीबाहेर गेला, की त्या वेळचा सगळा आलेख ताबडतोब.

पण निरोपच आला नाही तर? बाळ सुखरूप, की मधली वायर निघाली? एका रात्री माझ्या पाळीत पडद्यावरचा आकडा बराच वेळ हलला नाही. बाळ शांत झोपले असे मी समजले. जवळ गेले तो पायाची पट्टी सुटलेली आणि ओठ निळसर! बाळ वाचले, पण तेव्हापासून 'सारे ठीक' हा निरोपही ठरल्या वेळी आलाच पाहिजे असे मी म्हणते. न आला तर धावावे.

यंत्राविनाही हे साधते. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी कमी शिकलेल्या बायकांसाठी मणी व वाळूचे घड्याळ असलेले श्वासमापक बनविले. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. तान्ह्या बाळाचा सहावा, लाल मणी मिनिटाच्या आत सरकला की धोका. अशा आरोग्यदूत गावातल्याच. त्यांच्या घरपोच सेवेने ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, हे १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले.

मध्यंतरी मला फोन आला, "बाई, बाळ कसातरीच करता!" यावरून मी काय समजावे? विचारले, अंगावर ओढते का? नाही. पाय? थंडगार. पूर्ण मिनिट श्वास मोजायला लावले, बहात्तर. एवढे तीन निरोप पुढे कळवले नि १०८ ची गाडी निघाली. तोवर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घालायला सांगितले. ते बाळ आता रांगते.

सेकंदकाट्याचे एक घड्याळ मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. घरात बाळंतीण असेल तिने ते खुशाल न्यावे.