तळावलीची इगर्ज आणि आपली शब्दसंपदा



जुन्या गोव्यातील प्रसिद्ध वास्तू बाजूला ठेवून मी आज तिसवाडीतल्या तळावली गावच्या सांत आनाच्या इगर्जेविषयी बोलणार आहे. बांधकाम १६८१ साली सुरू झाले, १६९५ साली पुरे झाले. पाच मजली दर्शनी भाग, दोन्ही अंगांना चौकोनी मनोरे. आणि हे सारे एका खेड्यात.

'इगर्ज' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. पोर्तुगीज 'इग्रेजा'तून तो आला आणि इथलाच झाला. पण देवळासाठी आपल्याकडे मंडप, गाभारा, शिखर, तोरण असे शब्द आहेत; इगर्जेपाशी आल्यावर मराठी लेखणी 'भव्य' आणि 'सुंदर' म्हणून थांबते. विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना ही गरिबी दरवर्षी खुपते. मंगेशीच्या घुमटावर इगर्जेची छाया आहे, हे आपण हौसेने सांगतो. मग जिची छाया, तिच्याबद्दल चार नेमके शब्द नकोत?

जांभा सच्छिद्र दगड. त्यात बारीक कोरीव काम निघत नाही, म्हणून इथले कंगोरे आणि नक्षी चुन्यात घडवलेली. गिलावा हे या वास्तूचे पांघरूण नव्हे, तेच तिचे शिल्प. बॉम जेझूचा गिलावा १९५० च्या दशकात काढला गेला आणि आता तांबड्या चिऱ्यांचे रूपच लोकांना मूळ वाटते. तळावलीत तसे झाले तर नक्षीच उरणार नाही. सिमेंट थापणेही घातकच, कारण भिंतीत मुरलेली ओल ते बाहेर पडू देत नाही. २००० साली धोक्यातील वास्तूंच्या जागतिक यादीत या इगर्जेचे नाव होते.

इथल्या भिंती आतून पोकळ आहेत. त्या पोकळीतून पापनिवेदनाच्या जागेपर्यंत जाता येते. आणि सांत आना म्हणजे मारियेची आई, उतारवयात कूस उजवलेली. तिच्या जुलैतल्या फेस्ताला लोक तवसे वाहून मूल मागतात. येणारे सगळे ख्रिस्तीच असतात असे नाही. 'नवस' हा आपला शब्द इथे चपखल बसतो, त्यासाठी नवा घडवायला नको.

बाकीचे शब्द गवंड्यांकडे आहेत. चुना मुरवणारे, घाणीत मळणारे हात आता थोडे उरलेत. गिलाव्याच्या पहिल्या हाताला ते काय म्हणतात, शेवटच्या हाताला काय, हे टिपून घ्यायला मी येत्या सत्रात विद्यार्थ्यांना पाठवणार आहे. त्यांचा प्रवासखर्च अकादमीने उचलावा, एवढी मागणी आजच्या निमित्ताने इथे मांडून ठेवतो.