पंचामृतातील मध आणि गावचा फुलोरा

(सांबरा येथील महाजन मंडळींच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



देवाच्या अभिषेकासाठी जे पंचामृत सिद्ध होते, त्यातील दूध, दही व तूप ही तीन द्रव्ये गाय देते आणि साखर उसापासून मिळते. मध मात्र कोणा एकाच्या गोठ्यात वा मळ्यात निर्माण होत नाही. त्याला साऱ्या गावाचा फुलोरा लागतो, आणि तो बारमाही लागतो. हल्ली मध दुकानातून बाटलीत येतो, म्हणून या गोष्टीचे विस्मरण झाले आहे.

उंच वृक्षांवर व कड्यांवर एकच विस्तीर्ण पोळे बांधणारी आग्यामाशी ऋतुमानाप्रमाणे स्थलांतर करते. सातेरीचे तसे नाही. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, क्वचित वारुळातही ती अनेक समांतर पोळी बांधून राहते. सातेरी देवीचे वारूळरूप पूजणाऱ्या कुळांना हे नामसाम्य सहज जाणवेल. ही माशी चाऱ्यासाठी सामान्यतः एक-दीड किलोमीटरच्या परिघातच फिरते. तेवढ्या परिघात फूल नसेल, तर तिची उपासमार होते किंवा सारी वसाहत घर सोडून जाते.

पश्चिमेस जांबोटी-कणकुंबीच्या अरण्यात जांभूळ, हिरडा, अंजनी असे वृक्ष आहेत. घाटातील कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते व त्या वर्षी मधाची लयलूट करते. परंतु सांबरा पडले बेळगावच्या पूर्वेस, मोकळ्या शेतजमिनीत. येथील माशीला रानाचा आधार नाही. शेत, बांध, परसू आणि देवळाचे आवार एवढाच तिचा प्रपंच.

तिचे वर्ष असे चालते. भाद्रपद-आश्विनात कारळे व तीळ फुलतात. पुढे तूर मकरंद देते आणि जोंधळा पराग देतो. माघाच्या सुमारास करडई येते. फाल्गुनात पांगारा, सावर व शेवगा, त्यामागून कडुलिंब आणि करंज, आणि अखेरीस चिंच. यानंतर आषाढ-श्रावणाची झड लागते. फुले थोडी, त्यातील मकरंद पावसाने धुतलेला आणि माशीला बाहेर पडण्यास उसंत नाही. त्या दिवसांत ती साठवलेल्या मधावर जगते. म्हणून पोळ्यातील सगळा मध काढून घेणे म्हणजे तिच्या तोंडचा घास काढणे होय.

या साखळीचे दुवे एकेक करून गळू लागले आहेत. जेथे कारळ्याच्या जागी ऊस उभा राहतो, तेथे माशीला काही उरत नाही, कारण ऊस बहुधा फुलण्याआधीच तोडला जातो. फुलांच्या टंचाईत माश्या गुऱ्हाळाकडे धावतात आणि काहिलीत पडून मरतात. बांधावरचा करंज तुटला की चैत्र-वैशाखाचा चारा गेला. याची झळ शेतकऱ्यालाही लागते. कारळ्याचे फूल स्वतःच्या परागावर सहसा धरत नाही. काकडी-भोपळ्याची नर व मादी फुले वेगवेगळी असतात. त्यांचा संयोग घडवते ती माशीच.

१९९१ च्या सुमारास अळ्यांच्या एका विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. रोग आटोक्यात ठेवणे आपल्या हाती नसले, तरी उपासमार टाळणे हाती आहे. पुणे येथे १९६२ पासून मधमाश्यांच्या संशोधनाची केंद्रीय संस्था आहे, आणि महाबळेश्वरनजीकचे मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मांघरला रानाची जोड आहे. ती नसलेल्या गावाने आपला फुलोरा स्वतः राखला पाहिजे.

येथे देवकार्याचाही विचार करणे प्राप्त आहे. पहाटे परडी भरताना झाडावरील एकूण एक फूल खुडले जाते. तुळशीच्या मंजिऱ्यांवर माशी किती लोभावते हे सर्वांनी पाहिले आहे. त्यातील निम्म्या राखल्या तर पूजेत न्यून येत नाही. शोभेची बहुपाकळी तगर किंवा जास्वंद माशीच्या फारशी उपयोगाची नाही. तिला साधे, एकेरी फूल हवे.

तेव्हा महाजन कुळांनी चार गोष्टी मनावर घ्याव्यात. देवळाच्या आवाराच्या कडेने करंज, जांभूळ व शेवगा लावावा. पावसाळ्यासाठी तेरडा वाढू द्यावा. उसाच्या वा भाजीच्या शेताभोवती कारळ्याचा एक पट्टा पेरावा. आणि पीक फुलोऱ्यात असताना कीटकनाशक मारू नये. अगदीच निकड पडली, तर माश्या घरी परतल्यावर, सायंकाळी मारावे.

करंज मोठा होण्यास काही वर्षे लागतील, पण कारळे पेरल्यापासून तीन महिन्यांच्या आत फुलतात. आरंभ त्यांपासून करावा. मग पुढेमागे देवाच्या पंचामृतात गावच्याच फुलांचा मध पडेल.