सैल नळी, वाढती फट

आज विंचेस्टर १८९२ च्या 'टेकडाउन' रायफलबद्दल बोलू. जॉन ब्राउनिंगच्या या लिव्हर रायफलची नळी पाव फेऱ्यात सुटते, कारण तिचे आटे सलग नसतात, मध्ये मध्ये कापलेले असतात.

वर्षानुवर्षं काढघाल झाली की जोड झिजतो आणि नळी डुगडुगते. तुम्ही म्हणाल, नेम थोडा चुकेल, एवढंच ना? नाही. बोल्ट रिसीव्हरमध्ये अडकतो, नळीत नाही. नळी पुढे सरकली की बोल्ट आणि काडतूस यांच्यातली फट वाढते. यालाच हेडस्पेस वाढणं म्हणतात. उडालेल्या काडतुसाची टोपी मागे आलेली दिसली, तर तो इशारा समजा आणि रायफल वापरणं थांबवा.

आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी बघा, बोटानं चाचपा. मग जोड पुसा. वाळलेलं ग्रीस किंवा कचरा असेल तर नळी नीट बसत नाही. पुन्हा जोडून, मॅगझिनची नळी घट्ट करून, हातानं हलवून बघा.

तरीही हलते? मग कानस हातात घेऊ नका. टेकणारा भाग घासला की फट आणखी वाढते. इथे झिजलेला धातू भरून काढावा लागतो, आणि शेवटी हेडस्पेस गेजनं मोजावं लागतं. हे काम कारागिराचंच. आपल्याकडे तर शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा परवानाधारक कारागीरच गाठा, आणि गेज लावून दाखवा असं त्याला सांगा.