बाळाच्या चेहऱ्यावरचा डाग : दोष आईचा नाही
(बोर्ली पंचतन येथील भाषण)



बाळाच्या तोंडावर लाल डाग दिसला की घरात सुनेला पहिला प्रश्न, "ग्रहणात विळीला हात लावलास ना?" ती बिचारी रडत बसते. पण विचार करा. ग्रहण वर्षात मोजून काही तास. डाग असलेली मुलं मात्र बाराही महिने जन्मतात, ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही!

खरं कारण असं. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या की लाल डाग दिसतो. पापणीवरचा, कपाळावरचा फिकट डाग बहुधा वर्ष-दोन वर्षांत जातो. जन्मानंतर काही आठवड्यांत वाढू लागणारी लाल गाठ पुढं काही वर्षांत हळूहळू ओसरते. गडद, जांभळट डाग मात्र राहतो. गर्भातच एका जनुकात आपोआप झालेल्या बदलामुळे तो होतो, हे संशोधकांनी 2013 साली शोधून काढलं.

डागाला चुना, बिब्बा लावू नका. डोळ्याजवळ किंवा कपाळावर गडद डाग असेल, गाठ झपाट्यानं वाढत असेल, तर बाळाला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा.

ग्रहणातही गरोदर बाईला उपाशी ठेवू नका. आणि भाऊ, घरात बायकोला कुणी बोल लावला, तर तुम्हीच पुढं होऊन सांगा : दोष तिचा नाही.